काकांच्या हाती दिलेला अर्ज

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज कमलेश सेठ इतके ओरडले की बाहेर शेडमधल्या वेल्डिंगवाल्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. कोरब्याला पाठवलेले बीम साइटवर पोचले आणि भोकं जुळेनात. एका ड्रॉइंगमध्ये बदल केला होता, त्याच्या जोडीच्या ड्रॉइंगमध्ये करायचा राहिला. तिकडे क्रेन नुसती उभी आणि इकडे आमचा उद्धार. ड्रॉइंग माझं नव्हतं. पण सेठ ओरडताना कोणाचं नाव घेत नाहीत, छताकडे बघून ओरडतात, त्यामुळे प्रत्येकाला आपापला वाटा मिळतो.

मला मात्र यात माझी संधी दिसली. मी इथे लोखंडी शेडची ड्रॉइंग काढते, तीही सपाट, कागदावर छापायची. आता मोठे ग्राहक पहिला प्रश्न विचारतात, थ्रीडी मॉडेल देता का? म्हणजे अख्खी शेड कॉम्प्युटरवर उभी करायची. त्यात एक बीम सरकवला की त्याला लागलेली प्रत्येक प्लेट, प्रत्येक भोक आपोआप सरकतं. कोरब्यासारखं होतच नाही. सेठनी ते सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलंय, पण चालवणार कोण? पुण्याला ट्रेनिंग असतं. माझ्या पगारात ते झेपणारं नाही. कंपनीने पाठवलं तरच. जो शिकून येईल तो त्या टेबलावर बसेल, आणि आम्ही बाकीचे हळूहळू घरी बसू. हे ऑफिसात सगळ्यांना कळतं, बोलत कोणी नाही.

मी बोलणार आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार

बोलणार म्हणजे जानराव काकांमार्फत बोलणार. काका आमचे ऑफिस मॅनेजर. बाबा आणि ते पवनीजवळच्या एकाच गावचे, एकाच गाडीने भिलाईला आले. बाबा इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले. ही नोकरी मला त्यांनीच लावून दिली. ऑफिसात सगळा कारभार हिंदीत चालतो, पण काका माझ्याशी मराठीत बोलतात आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. मराठी घरापुरतीच उरली आहे, ती मोडू नये म्हणून तर मी ही डायरी मराठीत लिहिते.

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि नीट ऐकलं.

"आयडिया एक नंबर हाय बेटा. पन तू सेठजवळ डायरेक्ट जाऊ नको. गरम डोक्याचा मानूस हाय तो. तू अर्ज लिहून माह्याजवळ दे, मी मोका पाहून गोष्ट टाकतो."

घरी आईला सांगितलं तर तिचं तोंड वाकडं.

"जानरावच्या हातानं कावून देतं वो? तुले तोंड नाई का?"

आईला काकांचं काहीच पटत नाही. ते आले की ती मुद्दाम कुकर लावते, म्हणजे शिट्ट्यांत त्यांचं बोलणं बुडतं. बाबा म्हणाले, "जानराव आपला मानूस हाय." विषय संपला.

१९ ऑगस्ट, सोमवार

अर्ज झाला. तीनदा लिहिला. कोरब्याचं उदाहरण घातलं, कोणते ग्राहक मॉडेल मागतात ते घातलं, आणि शेवटी लिहिलं की शिकून आल्यावर मी बाकीच्यांना शिकवीन. स्वतःच वाचून स्वतःलाच पाठवावंसं वाटलं.

काकांनी वाचून एकच बदल सांगितला. "यातून तुहं नाव काढ. 'एका ड्राफ्ट्समनला पाठवावे' असं लिही. नाव पाहिलं का सेठले वाटते, ही सोताचाच फायदा पाहून राहिली. गोष्ट कंपनीची वाटली पायजे."

मला हे सुचलंच नसतं. इतकी वर्षं सेठ लोकांत काढली की माणूस असा तयार होतो. नाव काढलं. अर्ज आता खरोखरच भारदस्त दिसतो.

१ सप्टेंबर, रविवार

विहारातून परतताना काका आणि त्यांचा भूषण आमच्याकडे कोहक्याला आले. भूषणचा डिप्लोमा दोन विषयांत अडकलेला. दिवसभर मोबाइलवर गेम खेळतो आणि कोणी काही विचारलं की गोड हसतो. पोरगा वाईट नाही, फक्त सुरू होत नाही.

काका म्हणाले, "मोना, याले थोडं ड्रॉइंग वाचायले शिकव न. कुठं तरी चिकटवून देतो म्हनतो मी." बाबा लगेच म्हणाले, "कावून नाई? रविवारी येत जाईन तो." मला विचारायच्या आधीच. पण ठीक आहे, काका माझ्यासाठी एवढं करताहेत, तर मीही थोडं करावं.

काकांनी जाता जाता सहज विचारलं, "पुण्याले एकटी राहशीन तू? भीती नाई वाटनार?" मी म्हटलं, "भीती कसली काका? भाजीत गूळ घालतात म्हणे तिथे, तेवढीच काय ती भीती." ते खूप हसले.

१५ सप्टेंबर, रविवार

वरून दिसतं तो प्लॅन आणि समोरून दिसतं ते एलिव्हेशन, हा फरक भूषणला आज समजला. मागच्या रविवारीही समजला होता. "दीदी, सच में, अब क्लियर है." पुढच्या रविवारी पुन्हा क्लियर करावं लागेल.

आई त्याला नुसता कोरा चहा देते. बशीत एक बिस्किटसुद्धा नाही. मी तिला आत जाऊन झापलं, पाहुण्याशी असं वागतात का? ती म्हणाली, "पाहुना हाय का तो? मले तं वाटलं, तुही जागा पाहाले येते." आईची जीभ म्हणजे कात्री. मी स्वतः त्याच्यासाठी पोहे केले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काका म्हणाले, सेठनी अर्ज वाचला आणि आवडला! एकाला पाठवायला तयार आहेत. नाव नक्की व्हायचंय, पण काकांनी डोळे मिचकावले. "आता चूप राहाचं. कोनाजवळ बोलाचं नाई, सेठजवळ तं बिलकुल नाई." मी गप्प राहायचं म्हणजे केवढी शिक्षा, पण राहीन. संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत राहिले. माझ्या बाबांना बोलून दाखवता येत नाही. पण त्यांना काय वाटतं ते मला बरोबर कळतं. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

भूषण आमच्याच कंपनीत लागला, ट्रेनी म्हणून. काकांनी त्याला माझ्या शेजारच्या टेबलावर बसवलं. चला, माझी मेहनत कामी आली. मी पुण्याला गेले की माझी लहानसहान कामं तो बघेल, काकांनी तोही विचार केलेला दिसतोय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बाबा आणि काका काल नागपूरहून परतले. दरवर्षी दोघं अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जातात, खाली सतरंजी टाकून झोपतात आणि येताना पुस्तकं आणतात. यंदा बाबांनी माझ्यासाठी बॅग आणली. लॅपटॉपची, चांगली जाड पट्ट्याची. ज्या माणसाने दहावीला पास झाल्यावर मला पेन्सिलचं टोकयंत्र दिलं होतं, त्याने बॅग आणली!

"पुण्याला न्यायला ना?" मी विचारलं.

"ठेव तू. कामी येते," म्हणाले आणि अंघोळीला गेले. आईने बॅग उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "याले काय झालं बाप्पा?" बाबांना प्रेम करता येतं याचंही आईला आश्चर्य वाटतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक गंमत झाली. सेठ माझ्या टेबलापाशी थांबले. ते असं कधी थांबत नाहीत.

"मोना, घर में सब ठीक?"

"जी सर, सब ठीक."

"हाँ... ज़िम्मेदारियाँ सबकी होती हैं. कोई बात नहीं." आणि केबिनमध्ये गेले.

मला ट्रेनिंगचं विचारायचा मोह झाला, शब्द अगदी ओठावर होते. पण काकांनी बजावलंय. गप्प राहिले. दिवाळीच्या आधी मालक लोक जरा हळवे होतात, तसं काही असेल.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीची साफसफाई. आई गच्चीवर जाऊन गाद्या झोडपून आली, पाण्याची टाकी घासली, आणि वर मलाच म्हणते की तू थकलेली दिसतं. बाबा आठवडाभरापासून काहीच बोलत नाहीत. जेवताना मी पुण्याचं काढलं की आणखी भात मागतात.

४ नोव्हेंबर, सोमवार

भूषण जातोय.

सकाळी सेठनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. पुण्याच्या ट्रेनिंगला भूषण. आल्यावर मॉडेलिंगचं टेबल तो सांभाळेल. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले, मला ते थांबवता आले नाहीत. काका टाळ्या वाजवत होते आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

भूषण माझ्याकडे आला. "थैंक यू दीदी. तूने मना किया इसलिए मेरा नंबर लगा." मी म्हटलं, "मी कधी नाही म्हटलं?" तो गोंधळला, हसला आणि मिठाई आणायला गेला.

मी काकांच्या खोलीत गेले. ते फोनवर होते. फोनवर कोणी नव्हतं, स्क्रीन काळी होती, तरी ते "हाँ जी, हाँ जी" करत होते. मी उभी राहिले. शेवटी त्यांनी फोन खाली ठेवला.

"बेटा, सेठचं मन कोनाले समजते? मी तं तुहंच नाव सांगत होतो. पुढच्या साली तुहाच नंबर."

यापुढे आज लिहवत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सेठच्या केबिनमध्ये गेले. कोणाला न विचारता. इतकी वर्षं त्या दाराला घाबरले, आणि ते नुसतं ढकलायचं दार होतं.

"सर, ट्रेनिंग का पेपर मैंने लिखा था."

"मालूम है. जानराव जी ने बताया था. बढ़िया लिखा था."

"फिर मैं क्यों नहीं?"

त्यांनी चष्मा काढला. त्यांना खरंच काही कळेना. "तुमने मना किया न? मैंने पहला नाम तुम्हारा ही बोला था. जानराव जी बोले, लड़की अकेली बाहर जाने से डरती है, माँ भी बीमार रहती है. मुझे लगा एक बार खुद पूछ लूँ. तो दशहरे के बाद तुम्हारे पापा को फ़ोन किया. उन्होंने भी यही कहा."

"पापा ने?"

"हाँ. बोले, घर की अड़चन है, उसको मत भेजिए."

मी म्हटलं, "सर, मुझसे पूछ लेते." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुम भी तो आ सकती थी मेरे पास. इतने दिन सामने बैठी थी." फी भरून झाली होती, तिकीट निघालं होतं. भूषण आला की तुम्हा सगळ्यांना शिकवेल, असंही म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले, म्हणून जास्त लागलं. आणि त्यांचाही राग आला. मी एकोणतीस वर्षांची बाई समोर बसलेली, आणि विचारायचं तर माझ्या बापाला विचारलं.

घरी येऊन मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"बाबा, सेठचा फोन आला होता तुम्हाला?"

ते टीव्ही बघत होते. आवाज कमी केला. "आला होता."

"काय सांगितलं?"

"घरची अडचन हाय म्हनलं. तुह्या आईची तबेत बरी नसते म्हनलं."

आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. "माही तबेत? माह्या नावानं? मले काय झालं वो, सांग न मले, मी बी ऐकतो काय झालं मले!" तिला हे माहीत नव्हतं. काकांवर तिचा संशय होता, बाबांवर तिचाही नव्हता. ती दारातच खाली बसली.

बाबा सावकाश बोलले. आमच्या घरात ते एवढं सलग कधीच बोललेले नाहीत.

"आम्ही दोघं एकाच दिवशी भरतीच्या लाइनीत उभे होतो. मी प्लांटमंदी लागलो, तो राहिला. मले क्वार्टर भेटलं, दवाखाना भेटला, पेन्शन भेटली. त्यानं जिंदगीभर सेठ लोकायच्या शिव्या खाल्ल्या. नागपूरले जाताना गाडीत रडला तो माह्याजवळ. माह्या पोट्ट्याचं काय होईन म्हने. मी शब्द देल्ला त्याले."

"माझ्या ट्रेनिंगचा शब्द?"

"तू हुशार हाय. तुले आनखी दहा जागी भेटन. त्याले कोन देईन?"

"पण ते तुमचं होतं का द्यायला?"

"माही पोरगी हाय न तू," ते म्हणाले. अगदी साधेपणाने, जसं काही त्यात सगळं आलं.

मला ओरडायचं होतं. मला सांगायचं होतं की काकांनी फसवलं ते समजू शकते, त्यांना मुलगा आहे. पण मी रोज संध्याकाळी येऊन तुम्हाला आनंदाने सांगत होते, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून ऐकत होता. मी आत गेले आणि रडले. उशी तोंडात धरून रडले, कारण मला रडताना त्यांना ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

काल विहारात भूषणचा सत्कार झाला. आपल्यातला पोरगा कंपनीच्या खर्चाने पुण्याला शिकायला चालला म्हणून. काकांनी खीर वाटली. बाबांना दोन शब्द बोलायला उभं केलं, ते उभे राहिले आणि "शिकलं पायजे" एवढंच म्हणून खाली बसले. सगळ्यांना वाटलं, भरून आलं. आई आणि मी खीर न घेता निघालो. कोहक्यापर्यंत आम्ही चालत आलो, आई सतत माझी ओढणी सारखी करत होती, जशी मी शाळेत जाणार असावी.

आज ऑफिसात काका म्हणाले, "नाराज नको होऊ बेटा. भूषण पहिल्यांदाच बाहेर जाऊन राहिला, त्याले दोन गोष्टी समजावून सांग."

मी म्हटलं, "मी कशी सांगणार काका? मी तर बाहेर जायला घाबरते."

त्यांच्या कानापर्यंत लाली आली. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

घरात जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलणं. आई बाबांचं ताट वाढते आणि त्यांच्यासमोर जरा जोरात ठेवते. मी दुसरीकडे नोकरी बघतेय. दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच, मॉडेलिंग येतं का?

१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी बाबा त्यांचा फोन हातात घेऊन माझ्या दारात आले. सरळ आत नाही आले, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले.

"भूषणचा फोन हाय. उद्या परीक्षा हाय त्याची. घाबरून गेला पोट्टा. दोन मिनिटं सांग त्याले. मी म्हनलं, दीदी सांगते."

पुन्हा शब्द दिलेला होता. पुन्हा मला न विचारता.

मी फोन घेतला. भूषणचा आवाज रडवेला होता. "दीदी, कॉलम को बीम जोड़ता हूँ तो प्लेट उल्टी तरफ़ चली जाती है. सर ने तीन बार बताया. मले काहीच समजून नाई राहिलं. तू बता न, तुझे तो सब आता है."

मी सवयीप्रमाणे उत्तर शोधायला लागले. त्याच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी आजवर देत आले होते. कॉलम मला माहीत आहे, बीम माहीत आहे, प्लेट कुठे लागते तेही. पण ते तिथे, त्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठे दाबून कसं करायचं? मी ती स्क्रीन कधी उघडलेलीच नाही. इतके दिवस मी रागात होते, पण हे मला आत्ता कळलं की ती गोष्ट खरंच गेली.

"मला ते येत नाही, भूषण."

"क्या दीदी, नाराज है क्या? सच में बता न."

"सच में नहीं आता."

मी फोन बाबांना परत दिला. त्यांनी तो घेतला, पण कानाला लावला नाही. त्यांना वाटलं मी सूड घेतेय. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, नागपूरहून आल्यापासून पहिल्यांदाच, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"खरंच नाई येत तुले?"

"नाही येत, बाबा."

"पन तुले तं सगळंच येते न..." ते म्हणाले.

फोनमधून भूषण "अंकल? दीदी? हॅलो?" करत होता. बाबांना त्याला काय सांगावं ते सुचेना आणि फोन बंद कसा करावा तेही सुचेना. ते तसेच उंबऱ्यात उभे राहिले, आणि मी उठले नाही.